‘बाबा, देवाने सांगितलं तर तुम्ही मलाही माराल?’

प्रश्न : चिंचवडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. नवराबायको दोघंही नोकरी करतात. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. सासरे निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या गावाहून मुलाकडे राहायला आले आणि तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली. एक गीत, एक शास्त्रपाठ आणि मग आजोबांची गोष्ट. गोष्टीचा शेवट बहुतेक ठरलेला असतो : “देवाचं ऐकलं नाही की असं होतं.” योनाला माशाने गिळलं, लोटाची बायको मिठाचा खांब झाली. गेल्या महिन्यात अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट झाली : देवाने अब्राहामाला आपल्याच मुलाचा, इसहाकाचा, होम करायला सांगितलं आणि अखेरच्या क्षणी त्याला वाचवलं. त्या रात्री अंथरुणात मुलाने वडिलांना विचारलं, “बाबा, देवाने सांगितलं तर तुम्ही मलाही माराल?” वडील गडबडले. “देवाचं ऐकावंच लागतं रे, पण तो असं सांगणार नाही, झोप आता,” म्हणून त्यांनी दिवा बंद केला. तेव्हापासून मुलगा त्यांच्याशेजारी झोपत नाही. प्रार्थनेला बसतो, पण गोष्ट सुरू झाली की पाणी प्यायला उठतो. आजोबांच्या मते ही चुळबुळ आणि हे उलटसुलट प्रश्न म्हणजेच आज्ञाभंग, आणि तो वेळीच मोडून काढला पाहिजे. चर्चमध्ये मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेतही ‘आज्ञाधारक मूल’ म्हणून दर रविवारी स्टार मिळतो, तो याला हल्ली मिळत नाही. आई विचारते : पवित्र शास्त्रातल्या गोष्टी काही वर्षं बंदच ठेवाव्यात का? भीती न घालता देवाच्या आज्ञेत राहायला शिकवायचं कसं? आणि हे सगळं सासऱ्यांना न दुखावता कसं जमवायचं?

उत्तर :

ताई, जय ख्रिस्त.

बाकीचं सावकाश बोलू, आधी त्या रात्रीचं निस्तरायला हवं. तुमच्या यजमानांचं उत्तर वाईट नव्हतं. अर्धवट झोपेत कुणीही असंच बोललं असतं. पण मुलाने त्यातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि तो घेऊन झोपला. त्याला ‘पण’च्या पुढचं काही ऐकूच आलेलं नाही. म्हणून हा विषय वडिलांनीच पुन्हा काढायचा. तुम्ही नाही, आजोबांनी तर नाहीच. दिवसाउजेडी, शक्य तर घराबाहेर, सायकलवर नाहीतर चालता चालता. “त्या रात्री तू मला विचारलं होतंस ना? त्याचं उत्तर ‘नाही’ आहे. कधीच नाही. कुणी येऊन म्हणालं की देवाने असं सांगितलंय, तर मी म्हणेन तो खोटं बोलतोय.” एवढं स्पष्ट. त्याला ‘पण’ जोडायचं नाही.

यजमानांना वाटेल की असं बोलणं म्हणजे शास्त्राला बगल देणं. तसं नाही. यिर्मयाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय त्यांना वाचायला द्या. हिन्नोमाच्या खोऱ्यात लोक आपली मुलं अग्नीत होमत होते, आणि त्याबद्दल देव म्हणतो की हे करायला मी कधी सांगितलं नाही, माझ्या मनातसुद्धा हे कधी आलं नाही. एकोणिसाव्या अध्यायात तो हेच पुन्हा म्हणतो. ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या शास्त्रातल्या पुस्तकांत याला सक्त मनाई आहे. म्हणजे तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर शास्त्रातच दिलेलं आहे. फक्त ते त्या रात्री उशाशी नव्हतं.

आता मोरिया डोंगराची, म्हणजे अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट. माझं मत विचाराल तर पाच वर्षांच्या मुलीला ती सांगूच नये. आठ वर्षांच्या मुलाला सांगायची तर शेवट आधी सांगावा : “ही देवाने एका मुलाला वाचवलं त्याची गोष्ट आहे.” मग लाकडं, विस्तव, सुरी. मोठ्या माणसाला शेवट ठाऊक असतो म्हणून त्याला मधला भाग सोसतो. मुलाला तो ठाऊक नसतो, आणि ते गोष्ट ऐकत नसून त्या वेदीवर पडलेलं असतं. तुमच्याकडे आणखी एक गोष्ट झाली असावी असं पत्रावरून वाटतं. आजोबांनी सगळा भर अब्राहामावर दिला. “बघा, एका शब्दाने विचारलं नाही, निघाला!” पण त्या वाटेवर बोलणारा इसहाकच आहे. लाकडांची मोळी त्याच्या पाठीवर आहे आणि तो विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, होमाचं कोकरू कुठंय? शास्त्राने मुलाचा प्रश्न तिथे जपून ठेवला आहे. बापाने त्याला गप्प केलं नाही. “देव पाहून देईल” म्हणाला. आपल्या लोकांच्या दारांवर आणि रिक्षांच्या काचांवर ‘यहोवा यिरे’, म्हणजे ‘परमेश्वर पाहून देईल’, असं लिहिलेलं असतं, ते याच गोष्टीतून आलेलं आहे. मुलाने रोज येताजाता पाहिलेली ती पाटी आणि त्याला छळणारी ती गोष्ट एकच आहे, हे त्याला माहीत आहे का? विचारून पाहा.

एका शब्दाने न विचारणाऱ्या याच अब्राहामाने चार अध्याय आधी देवाशी किती वाद घातलाय! सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर तो देवासमोर उभा राहतो आणि भाजी मंडईत करावी तशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? शेवटी दहावर येतो. आणि देव प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणतो. एकदाही “उलट बोलू नकोस” म्हणत नाही. ही गोष्ट आजोबांनी सांगितल्याचं तुमच्या पत्रात नाही. आठ वर्षांच्या मुलाला ती फार आवडते, कारण तिच्यात वजाबाकी आहे.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे बोट दाखवायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘आज्ञाधारक मूल घडवायचंय, पण घाबरट नको.’ कुणाच्या आज्ञेत? पत्र पुन्हा वाचून बघा. देवाचं ऐकणं, आजोबांचं ऐकणं, ताटातलं संपवणं, मोबाईल खाली ठेवणं, प्रार्थनेला न हलता बसणं, हे सगळं एकाच ओळीत आलंय. घरातल्या प्रत्येक हुकमावर देवाची सही घेतली की मुलाच्या दृष्टीने देव म्हणजे घरातला सगळ्यात मोठा रागावणारा माणूस होतो. आईबापांचा मान राखा हे दहा आज्ञांमध्ये आहेच. इफिसच्या मंडळीला लिहिताना पौलाने मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय, तेही आहेच. पण त्याच दमात, तीनच वचनांनंतर, तो बापांना बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका. आपल्याकडे पहिलं वचन पाठ करून घेतात, त्याच्या फ्रेमसुद्धा करतात. दुसऱ्याची फ्रेम मी तरी कुणाच्या बैठकीत पाहिलेली नाही.

देवाचं ऐकणं आणि मोठ्या माणसाचं ऐकणं या दोन गोष्टी शास्त्रात कितीतरी वेळा एकमेकींच्या आड येतात, आणि ज्यांचं कौतुक होतं ते मोठ्याचं न ऐकणारे असतात. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका असा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम होता. त्यांनी तो पाळला नाही, कारण त्यांना देवाचं भय होतं. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत. पेत्र आणि बाकीच्या प्रेषितांनी भर सभेत सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ‘देवाच्या आज्ञेत राहा’ हे शिकवायचं असेल तर या गोष्टी वगळून चालणार नाही, आणि त्या सांगितल्या की मूल कधीतरी तुम्हालाही ‘नाही’ म्हणेल. त्याची तयारी आहे ना, हे आधी दोघांनी आपसात ठरवा.

हे मी वाद म्हणून लिहीत नाही. यात मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मोठा माणूस सांगेल ते निमूट ऐकायचं, प्रश्न विचारला की देव रागावतो, असं शिकलेलं मूल कुणाच्याही हाती सोपं सापडतं. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात, आणि त्यांना हेच वळण कामाला येतं. तेव्हा दोन्ही मुलांना साध्या शब्दांत सांगून ठेवा : कुणीही, अगदी चर्चमधल्या माणसानेही, देवाचं नाव घेऊन अंगाला हात लावला, किंवा आईबाबांपासून काही लपवायला सांगितलं, तर ते ऐकायचं नाही, पळत यायचं आणि सांगायचं. तुम्हाला कोणी रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर आहे, तो आठ वर्षांच्या मुलाला पाठ असायला हरकत नाही. त्याला स्तोत्र तेवीस पाठ असेलच, नंबर तर चार आकडी आहे.

तर गोष्टी बंद करायच्या का? नको. बंद केल्या तर शेवटची ऐकलेली गोष्ट ती सुरीचीच राहील. गोष्टी पूर्ण सांगा, एवढंच. तुमच्याकडे गोष्टी अर्ध्यावर थांबताहेत आणि भीती तिथून येतेय असं मला वाटतं.

योनाचंच घ्या. चार अध्यायांचं पुस्तक, एका बैठकीत वाचून होतं. आपण मुलांना मासा सांगतो आणि थांबतो. देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेला योना उलट दिशेला पळाला होता, आणि माशाच्या पोटात जायच्या आधी तो समुद्रात बुडत होता. मासा आला नसता तर तो मेला असता. दुसऱ्या अध्यायातली त्याची प्रार्थना वाचा, डोक्याला शेवाळ गुंडाळलंय म्हणतो आणि देवाने वाचवलं म्हणून आभार मानतो. म्हणजे मासा ही त्याची सुटका होती. आणखी एक गंमत मुलांना शोधायला लावा : या पुस्तकात देवाचं कोण कोण ऐकतं? वादळ ऐकतं. मासा ऐकतो. निनवेचा राजा ऐकतो, गुरंढोरंसुद्धा गोणपाट पांघरतात. वेल उगवतो, कीड येते, वारा सुटतो. न ऐकणारा एकटाच, आणि तोच संदेष्टा! मुलं हसून लोळतात. मग चौथा अध्याय. निनवे वाचलं म्हणून योना रुसून बसलाय. आणि देव काय करतो? त्याच्या डोक्यावर सावली धरतो, मग ती काढून घेतो, आणि त्याच्याशी बोलत बसतो. तुझं हे रागावणं बरोबर आहे का, असं विचारतो. शेवटी म्हणतो, ज्यांना डावाउजवा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं त्या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ जनावरंही, त्यांची मी कीव करू नये का? आणि पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. ते मुलांना देऊ द्या. तुमचा मुलगा पाणी प्यायला उठणार नाही.

लोटाच्या बायकोची गोष्ट मात्र काही वर्षं कपाटात ठेवा. तिच्यातून या वयात भीतीशिवाय काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट शमुवेलाची. ती बहुतेक घरांत सांगतात आणि बहुतेक घरांत ती मध्येच संपते. मंदिरातला दिवा अजून विझलेला नाही, पोरगा झोपलाय, हाक येते. तो तीनदा धावत मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातो. एली तिसऱ्यांदा ओळखतो की ही हाक आपली नाही. आता जरा एलीकडे बघा. झोपमोड झाली तरी तो पोराला हाणत नाही, “गप झोप” म्हणून थांबत नाही. परत जा, हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे, असं शिकवतो. इथे आपण गोष्ट संपवतो आणि मुलांना हात जोडायला लावतो. पण देव त्या रात्री काय बोलला? एलीच्याच घराविरुद्ध बोलला. त्याचे मुलगे वाईट वागत होते आणि त्याने त्यांना आवरलं नव्हतं. सकाळी शमुवेल मंदिराची दारं उघडतो, आणि त्याला भीती वाटते. हे कसं सांगायचं? एली म्हणतो, लपवू नकोस. मग मुलगा काही न लपवता सगळं सांगतो. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे त्या मुलासाठी त्या सकाळी मोठ्या माणसाला कटू खरं सांगणं होतं. आणि मोठा माणूस ऐकून घेतो.

सासऱ्यांना ही गोष्ट ‘तुम्ही एलीसारखे व्हा’ म्हणून सांगायला जाऊ नका हं. पुढचा, एलीच्या घराच्या नाशाचा भाग त्यांनाही ठाऊक आहे.

सासऱ्यांकडे येऊ. बोलणं तुमच्या यजमानांनी त्यांच्या वडिलांशी करायचं. सुनेने केलं तर विषय प्रार्थनेवरून सुनेवर जाईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि बोलताना “तुम्ही मुलाला घाबरवलं” अशी सुरुवात नको. म्हातारा माणूस रोज संध्याकाळी नातवंडांना घेऊन बसतो, गाणं म्हणतो, शास्त्र वाचतो, हे किती घरांत उरलंय? त्यांचं हे काम काढून घेऊ नका. त्यांना काम वाढवून द्या. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतः कीर्तनं केली. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने लहानपणी ती ऐकली असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना विचारा. गोष्ट आख्यानासारखी सांगा म्हणा, समुद्राचा आवाज काढा, निनवेचा राजा राखेत बसलेला दाखवा. आख्यान रंगवणारा माणूस श्रोत्यांना विचारत विचारत पुढे जातो. “देवाचं ऐकलं नाही की असं होतं” हा शेवट त्या रीतीत आपोआप सुटतो.

आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्टही काढून घ्या. देवावर ते कधी रागावले होते? कधी प्रार्थना केली आणि नको तेच झालं? शेतकरी घरातून आलेल्या ख्रिस्ती माणसाकडे, दुष्काळ पाहिलेल्या माणसाकडे, अशी गोष्ट नसते असं मला आजवर आढळलेलं नाही. नातवाला ती ऐकू द्या. तो मोठ्यांच्या प्रार्थनेतही प्रश्न असतात हे पाहील, आणि मग आजोबा त्याचे प्रश्न कदाचित वेगळ्या कानाने ऐकतील. नाहीच ऐकले, तर यजमानांनी एवढं मात्र ठाम सांगावं की प्रश्न विचारल्याबद्दल या घरात शिक्षा होणार नाही. या एका बाबतीत मान राखायचा तो राखून, पण मागे हटायचं नाही.

आज्ञा पाळण्याचं शिक्षण गोष्टीतून थोडं आणि वागण्यातून जास्त होतं, म्हणून एक खेळ सुचवते. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशूने दोन मुलग्यांचा दाखला दिलाय. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक म्हणतो, नाही जाणार, पण नंतर पस्तावतो आणि जातो. दुसरा म्हणतो, जातो महाराज, आणि जात नाही. बापाचं कोणी ऐकलं? हे दोघा मुलांकडून करून घ्या. द्राक्षमळा म्हणजे ओट्यावरची धुतलेली भांडी मांडणीत लावणं. पाच वर्षांची मुलगी ‘नाही जाणार’ हे वाक्य किती आनंदाने म्हणते ते बघा, आणि मग ती वाटी घेऊन खरंच जाते तेही बघा. तिथे उपदेश करू नका. तोंडाने पटकन ‘हो’ म्हणणारं मूल आणि कुरकुरत का होईना काम करणारं मूल यांतला फरक त्यांना कळलेला असतो. तो आपल्याला कळत नाही म्हणून स्टार चुकीच्या मुलाला जातो.

“देव बघतोय” हे वाक्य तुमच्याकडे ताटातल्या भाजीसाठी वापरतात असं तुम्ही लिहिलंय. शास्त्रात हे वाक्य म्हणते ती हागार. घरातून छळाला कंटाळून पळालेली, पोटुशी, रानात झऱ्यापाशी बसलेली दासी. देवाने मला पाहिलं, असं ती म्हणते, आणि तिला धीर येतो. तेव्हा मुलगी पडली, तिचा गुडघा फुटला, शाळेत तिला कुणी खेळायला घेतलं नाही, अशा वेळी म्हणा, देव बघतोय. भाजीसाठी “मी बघतेय” पुरे.

प्रार्थनेला वेळ किती? पाच वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. मोठ्यांना अजून बसायचं असेल तर मुलं उठून गेली तरी चालेल. आणि रोजच गोष्ट हवी असंही नाही. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा म्हटलंय, ती घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. मुलाने शाळेच्या व्हॅनमधून उतरताना काही विचारलं तर ते तिथेच बोलावं. संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी राखून ठेवू नये.

मुलाची भीती वडिलांशी बोलणं झाल्यावर हळूहळू उतरेल. काही आठवड्यांतही उतरली नाही, तो रात्री दचकून उठतोय, अंथरूण ओलं करतोय, एकटा राहायला घाबरतोय असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि मुलांच्या समुपदेशकाकडे जा. चर्चच्या पाळकांनाही सांगा, पण पाळकांना सांगितलं म्हणून डॉक्टरांकडे जायचं राहू देऊ नका. विश्वास कमी पडला म्हणून मूल घाबरलं, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला चहा पाजा आणि विषय बदला.

आता स्टारचं. रविवारी उपासना संपल्यावर शब्बाथ शाळेच्या बाईंना दोन मिनिटं बाजूला घ्या. तक्रार म्हणून नव्हे. त्या आठवडाभर आपलं घर, नोकरी सांभाळून फुकट शिकवतात. त्यांना फक्त विचारा की ‘आज्ञाधारक मूल’ या स्टारबरोबर ‘सगळ्यात चांगला प्रश्न’ असाही एक स्टार ठेवता येईल का. स्टारचं पाकीट तुम्हीच घेऊन जा. मे महिन्यात व्ही.बी.एस., म्हणजे मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर असेल तर त्याची तयारी सुरू व्हायच्या आत हे बोला. एकदा तक्ते रंगवून झाले की मग कुणी काही बदलत नाही.